पेंडीच्या पोत्यातले बूट

माझ्या घरात चोरी झाली होती आणि चोर माझ्यासमोर पाटावर बसून कांदे चिरत होता. डोळ्यात टिपूस नाही. पाच किलो कांदा चिरायचा होता, त्यातला निम्मा झालेला, आणि आमच्या सूनबाई कोरड्या ठणठणीत.

“शैला, बूट कुठं आहेत?”

“कुठले?”

“या घरात बूट घालून खेळणारा एकच आहे.”

“मला माहीत नाही, आत्याबाई,” ती म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

तिची ही रीत मला पहिल्या दिवसापासून खुपायची. तोंड वर करून भांडली असती तर मी चार वाक्यांत निकाल लावला असता. भांडणात मला आमच्या पेठेत अजून कुणी हरवलेलं नाही. पण ही भांडायचीच नाही. नाही म्हणायचं, मान खाली घालायची आणि हातातलं काम चालू ठेवायचं. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीला शिव्या देत बसायचं.

मे महिन्यातला शेवटचा रविवार होता तो. सकाळचे नऊ वाजलेले. दुपारी चारला स्टेडियमवर फायनल होती, आमची झुंजार तालीम आणि पंचरत्न तालीम. बाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो. आमच्या कोल्हापुरात त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. आज्ज्यानं जिथं शड्डू ठोकला तिथंच नातू बुटाच्या नाड्या बांधतो. पेठ तीच, झेंडा तोच आणि वैरही तेच. आमच्या आणि पंचरत्नच्या मधे एक रस्ता आहे, दहा पावलांचा. फायनलच्या आठवड्यात तो ओलांडायला नको म्हणून माणसं वळसा घालून जातात. आणि आमची शैलजा त्या रस्त्याच्या पलीकडची. पंचरत्नचा सेंटर फॉरवर्ड संग्राम हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. माझा इंद्रजित झुंजारचा बॅक. म्हणजे गोल मारायला येणार मेहुणा आणि त्याला अडवायला उभे राहणार दाजी. सगळं शहर त्या जोडीकडं डोळे लावून बसलं होतं.

इंद्रजित त्या वेळी नुसता पेठेचा खेळाडू राहिला नव्हता. दोन वर्षं गोव्याच्या क्लबात पगारावर खेळून आला होता. त्याची मॅच टीव्हीवर असली की मी दुधाचा कट्टा अर्धा तास उशिरा लावायची आणि गिऱ्हाइकं बिनबोभाट थांबायची. त्याचं खेळणं बघायला शिकावं लागायचं. समोरचा बॉल घेऊन अंगावर आला तरी हा त्याच्यावर तुटून पडायचा नाही. मागं मागं सरकायचा, वाट बघायचा, आणि समोरच्याचं पाऊल एकदा चुकलं की बॉल याच्या पायात. त्याचे वडीलही असेच खेळायचे. ते झुंजारचेच बॅक. ते जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तालमीत मारुतीच्या शेजारी त्यांचा फोटो लावलेला आहे.

गोव्याचा करार संपला होता. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबानं बोलावलं होतं. जुलैत तिकडं जायचं, तिथला डॉक्टर अंग तपासणार, आणि मग तीन वर्षांची सही. मधले दोन महिने तो कुणाचाच नव्हता, म्हणजे तालमीचा होता. वस्तादांनी त्याचं नाव कधीच नोंदवून टाकलं होतं.

पण गोव्याहून आला तो जिना उतरताना कठडा धरायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, उजवा गुडघा जरा मुरगळलाय.

आता कुणी म्हणेल, बूट नसले तर नसले, दुसऱ्याचे घाल. ती सोय नव्हती. इंद्रजित नऊ वर्षांचा असताना मी त्याला एका नव्या म्हशीचं दावं धरायला लावलं होतं. ती बिथरली आणि त्याच्या डाव्या पायावर उभी राहिली. बोटं फाकली ती कायमची फाकली. दुकानातला एकही बूट त्या पायात जात नाही. चपलांच्या गल्लीतल्या मारुती सातपुत्यानं त्याच्या पायाचा लाकडी साचा करून ठेवला होता आणि त्यावर तो हातानं जोड शिवून द्यायचा. एक जोड शिवायला पंधरा दिवस. पहिला जोड गोव्यात फाटला होता. आता जगात त्याच्या पायाचा एकच जोड होता, आणि तो फायनलच्या दिवशी सकाळी माझ्या घरातून गायब झाला होता.

संशय सुनेवर का, ते गुरुवारपासून सांगावं लागेल.

गुरुवारी वस्ताद घरी आले. शंकरराव चौगले, आमच्या ह्यांचे मित्र, तालमीचे कर्तेधर्ते. खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, लिस्ट द्यायची आहे, इंद्रजितचं काय ते सांगा. इंद्रजित फरशीकडं बघत बसला. मी म्हटलं, काय म्हणजे काय, खेळणार. तेवढ्यात शैलजा चहा घेऊन आली. पुरुषमाणसांत तोंड न उघडणारी ही मुलगी, ट्रे हातात धरून म्हणाली, “गोव्याच्या डॉक्टरांनी सहा आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलंय. गुडघ्याच्या आत दोरीसारखं असतं, ते निम्मं तुटलंय. आता खेळले तर सगळं जाईल.”

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं.

“बघा वस्ताद,” मी म्हटलं, “पंचरत्नची मुलगी. फायनल तीन दिवसांवर आली आणि डॉक्टर झाली.”

वस्ताद हसले. त्यांच्याबरोबर आलेले दोघे हसले. इंद्रजितही हसल्यासारखं करून परत फरशीकडं बघायला लागला. शैलजानं कप ठेवले आणि आत गेली. जाताना वस्ताद दारात म्हणाले, “वैनी, पोरगं तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. तुम्ही बोलला, मला पोचलं.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी कट्ट्यावर गर्दी होती. आमचा धंदा धारोष्ण दुधाचा. चौकात म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसासकट पेला हातात द्यायचा. पंचरत्नचे दोघं कधी नव्हे ते रस्ता ओलांडून आले. एकानं पेला रिकामा केला, मिशीचा फेस पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आक्का, तुमचा इंद्रजित उतरायचा न्हाई म्हणत्यात. बरोबर हाय. आमचा जावई हाय, सासरच्या माणसांवर पाय कसा उगारंल?”

दुसरा म्हणाला, “बायकोनं पाय उगारू दिला नसंल.”

कट्ट्यावरची माणसं हसली. आमच्या पेठेतलीसुद्धा हसली. मी त्यांना म्हटलं, इथलं दूध पिऊन तरी अंगात काही येतंय का बघा, पंचरत्नला त्याचीच कमी आहे. त्यावरही माणसं हसली, पण त्या हसण्यानं पहिलं हसणं पुसलं गेलं नाही. बैठकीत, बारशाला, भाजीबाजारात हेच ऐकावं लागणार, हे मला तिथंच दिसलं. ह्यांचा मुलगा बायकोच्या माहेरासाठी घरात बसला. फोटोतल्या माणसाला मी काय तोंड दाखवणार होते?

त्याच दुपारी मी इंद्रजितला खाटेवर झोपवलं आणि आंबेहळद कढवून त्याच्या गुडघ्याला चोळली. पायाच्या बाबतीत माझा हात प्रसिद्ध आहे. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, सही करताना आजही ओळ वर चढते, पण म्हशीच्या बाजारात व्यापारी मला बोलावून नेतात. पायावरून एकदा हात फिरवला की कुठली म्हैस लंगडणार आणि कुठली दहा वर्षं उभी राहणार हे मी सांगते. व्यापारी औषधाचा लेप देऊन सूज लपवतात, पण माझ्या हाताला ती सापडते.

मी वरून खाली हात फिरवला. वाटीच्या दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं. इंद्रजित आधी आढ्याकडं बघत होता, मग माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

“काय वाटतंय गं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. ताठलाय नुसता. पळालास की मोकळा होईल.”

तो थोडा वेळ तसाच माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “बरं.”

आणि रविवारी सकाळी बूट नाहीत. मी कपाटं उपसली, माळा बघितला, ट्रंका उघडल्या. इंद्रजित बाहेरच्या खोलीत तालमीच्या मुलांबरोबर बसला होता, तो शोधायला उठला नाही. म्हणाला, “नसतील सापडत तर राहू दे आई. काय करायचं मग.” मला वाटलं, बायकोवरचा राग गिळतोय. वस्तादांना कळवायला माणूस गेला. मारुती सातपुत्याकडं दुसरा गेला, पण एका दुपारीत बूट शिवून होत नाहीत हे माणूस न पाठवताही ठाऊक होतं.

साडेदहाला म्हशींना आंबोण द्यायची वेळ झाली. फायनल असो नाहीतर लग्न, म्हशी थांबत नाहीत. मी गोठ्यात गेले आणि सरकीच्या पेंडीचं पोतं उघडलं. माझी एक सवय आहे. पेंड वरून काढून देत नाही. आधी खांद्यापर्यंत हात पोत्यात घालते आणि तळाची मूठ काढून हुंगते, कारण ओल धरते ती तळाला, आणि तळाला बुरशी आली की म्हशीचं पोट जातं. त्या दिवशीही हात घातला. तळाला कापडात गुंडाळलेलं काहीतरी लागलं.

शैलजाच्या जुन्या हिरव्या परकराचा तुकडा होता. त्यात बूट.

मी ते परकरासकट उचलले आणि मुद्दाम पुढच्या दारानं घरात आले, गल्ली बघेल असं. बाहेरच्या खोलीत बारा-पंधरा माणसं होती. मी बूट इंद्रजितच्या समोर टाकले. शैलजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हाताला कांद्याचा वास.

इंद्रजितनं बुटांकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. बराच वेळ. त्या बघण्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला. मग त्यानं डावा बूट उचलला आणि त्याच्यावरची पेंड हातानं झाडायला लागला. फार सावकाश. शिवणीतली कणी न् कणी नखानं काढत होता.

“माहेरच्या संघासाठी नवऱ्याचे बूट लपवणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “पंचरत्ननं हिला खेळाडू म्हणून घेतलं असतं तर बरं झालं असतं.”

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. शैलजानं परकराचा तुकडा तेवढा उचलला. आत गेली आणि परत पाटावर बसली. तिनं त्या दिवशी सगळा स्वयंपाक केला, संघाचं संध्याकाळचं मटण, तांबडा, पांढरा, सगळं. फक्त स्टेडियमवर आली नाही.

मी गेले. बायकांच्या गॅलरीत पहिल्या ओळीत बसले. हलगी आणि घुमकं वाजत होतं, दोन्ही पेठांचे झेंडे फडकत होते, आणि इंद्रजित मैदानात उतरला तेव्हा आमच्या बाजूनं जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. मी मागं वळून बायकांकडं बघितलं. शुक्रवारचं हसणं पुसलं गेलं, असं मला वाटलं.

पहिला अर्धा तास तो जागेवरून फारसा हललाच नाही. उभा राहून संघाला हात करत होता, बॉल आला की लांब मारत होता. तिसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला. हाफटाइमला तो मैदानाच्या कडेला बसला आणि त्यानं मोजा खाली करून गुडघ्यावर बर्फ धरला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, सुजलाय का हो आक्का? मी म्हटलं, ऊन लागतंय.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. मधून एक लांब पास आला आणि संग्राम आमच्या सगळ्यांना मागं टाकून एकटा निघाला. त्याच्यापुढं फक्त गोलकी. इंद्रजित त्याच्या उजव्या अंगाला दहा-बारा पावलं मागं होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो पळाला. मागं सरकत वाट बघायला आता वेळ नव्हता. तो पळाला आणि गोलच्या तोंडाशी त्यानं घसरत पाय घातला. बॉल बाहेर गेला. अगदी स्वच्छ टॅकल, पंचांनी शिट्टीही वाजवली नाही. आमची अख्खी बाजू उभी राहिली. झेंडे, गुलाल, हलगी. मीही उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

खाली इंद्रजित उठला नव्हता.

सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल तर संग्रामच्या. तो गोल चुकल्याचं दुःख करत बसला नाही. दाजींच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात वर करून स्ट्रेचरसाठी ओरडायला लागला. आमच्या बाजूच्या लोकांना वाटलं तो पेनल्टी मागतोय. आम्ही त्याला शिव्या दिल्या. मीही दिल्या.

मॅच आम्ही जिंकली. एक शून्य.

मी रिक्षानं घरी आले, दवाखान्यात जायच्या आधी पैसे-कपडे घ्यायला. दारातच एक पिशवी भरून ठेवलेली होती. त्यात इंद्रजितचे दोन सदरे, लुंगी, टॉवेल, तांब्या-भांडं, गोव्याच्या डॉक्टरांचे कागद. शैलजा चपला घालून तयार होती. अजून तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

“ही पिशवी कधी भरलीस?” मी विचारलं.

“तुम्ही मॅचला गेलात तेव्हा.”

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा मी तिच्यावरच उलटवला. म्हटलं, पांढऱ्या पायाची आहेस, नवरा मैदानात असताना दवाखान्याची पिशवी भरतेस, तुझ्याच मनात होतं म्हणून झालं. ती पिशवी उचलून माझ्यापुढं चालायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन ऑपरेशनं झाली. कलकत्त्याहून दोनदा फोन आला, तिसऱ्यांदा आला नाही. पुढच्या वर्षी त्यानं तालमीकडून एक मॅच खेळून बघितली आणि पंधराव्या मिनिटाला स्वतःच हात वर करून बाहेर आला. सव्वीस वर्षांचा होता. मग माझ्याबरोबर कट्ट्यावर उभा राहायला लागला. उभाच राहतो. गुडघा अर्ध्याच्या पुढं वाकत नाही, म्हणून उकिडवं बसून त्याला धार काढता येत नाही. धार शैलजा काढते. फुटबॉलवाल्या घरातली मुलगी, म्हशीला हात लावायला भ्यायची. माझ्यापेक्षा बरी धार काढते आता. आणि मी सोळा वर्षं पेठेला सांगत आले की माझ्या सुनेनं माहेरासाठी नवऱ्याचे बूट लपवले, त्यानं घरात अपशकुन झाला आणि मुलाचा पाय गेला. कट्ट्यावर दूध पिणाऱ्या प्रत्येकानं हे माझ्या तोंडून ऐकलंय. तीही ऐकायची, चरवी गुडघ्यात धरून, धार न थांबवता.

गेल्या महिन्यात वस्ताद आले. आता काठी टेकत येतात. तालमीची नवी इमारत झाली आहे. तिथं काचेचं कपाट करणार आहेत, जुने कप, जुने झेंडे ठेवायला. त्यांना इंद्रजितचे ते बूट पाहिजेत. खाली पाटी लावणार, फायनल वाचवणारे बूट म्हणून. मी लगेच हो म्हटलं आणि शैलजाला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. ऐकून घेतलं. म्हणाली, “बूट नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“नाहीत,” ती म्हणाली आणि परत गोठ्याकडं गेली.

वस्ताद अवघडले. उद्या येतो म्हणून निघून गेले. माझं डोकं फिरलं. सोळा वर्षांनी पुन्हा तेच, पुन्हा तेच बूट आणि पुन्हा तीच मान खाली. मी तिच्या मागं गोठ्यात निघाले. दारात इंद्रजित उभा होता, दुधाचं माप हातात घेऊन. त्यानं दार अडवलं. मैदानात अडवायचा तसं, हात न लावता, नुसतं आडवं उभं राहून.

“तिला काही बोलू नकोस आई.”

“का? या वेळी कुणाचं माहेर आडवं आलंय?”

“तेव्हा मीच तिला सांगितलं होतं.”

“काय?”

“बूट लपव म्हणून.”

मला आधी ते कळलंच नाही. मी विचारलं, मग तूच का नाही म्हणालास, खेळत नाही म्हणून? तोंड नव्हतं तुला?

“तू वस्तादांना आधीच हो म्हणाली होतीस,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याचा आवाज कधी चढतच नाही. “मला वाटलं, बूटच नसले तर कुणाला नाही म्हणायला नको. तुलाही नाही आणि तालमीलाही नाही. शैला म्हणाली, नाव माझं येऊ दे, तसंही मी पलीकडचीच आहे. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं.”

तो मापातला फेस बोटानं काढत होता, त्या दिवशी बुटावरची पेंड काढत होता तसा.

“आणि शुक्रवारी गुडघा तुझ्याच हातात होता की,” तो म्हणाला. “मी वाट बघत होतो. म्हटलं, हिला कळेल. ही बाजारातल्या म्हशीला सोडत नाही, मला तर सांगेलच. तू म्हणालीस, ताठलाय.”

एवढं बोलून तो बाजूला झाला आणि कट्ट्याकडं गेला, एक पाय आखडत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता लिहिते. माझ्या हाताला कळलं होतं. वाटीखाली हात गेला तेव्हाच कळलं होतं. आत गरम होतं आणि सांधा दाबला की जागेवरून सरकत होता. म्हशीचा असा पाय असता तर मी व्यापाऱ्याला सांगितलं असतं, ही दाव्याला बांधून ठेव, चार महिने उठवू नकोस. मला कळलं होतं आणि मी आंबेहळद चोळत राहिले.

मी गोठ्यात गेले. शैलजा काळ्या म्हशीखाली बसली होती. धार चालू होती. मी आल्याचं तिला कळलं, तिनं वर बघितलं नाही. कोपऱ्यात पेंडीचं पोतं होतं. मी जाऊन खांद्यापर्यंत हात घातला. तळाला नुसती पेंड लागली. चांगली, कोरडी.

“इथं नाहीत,” ती म्हणाली. “आता तुम्हाला सापडायचे नाहीत.”

मी पोत्याचं तोंड बांधलं. कंबर धरून सरळ उभी राहिले. मला गयावया करता येत नाही, आणि तिला ते ऐकायचंही नव्हतं. मग मला जे म्हणायचं होतं ते मी तिच्याकडं बघून, नेहमीच्या आवाजात, कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हटलं.

“शैला, चूक तुझीच आहे. लपवायचेच होते तर तेव्हाच असे लपवायचे होतेस, माझा हात पोचणार नाही तिथं. उद्या वस्ताद आले की सांग, बूट म्हातारीनं घालवले. आणि खरंच म्हणून सांग, कारण तेच खरं आहे.”